विशेष परिस्थिती

"तुम्ही साधारण कधीपासून पिता?" टिपणीस मॅडमनी विचारलं.

अण्णा तेव्हा त्यांच्यापुढे शेंगदाण्याच्या लाडवांची ताटली सरकवत होते. हात ताटलीवरच राहिला.

"काय पितो?"

"दारू." मॅडमनी आवाज जरा खाली आणला. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. "संकोच करू नका. तुमच्या मुलानं सगळं मोकळेपणानं लिहिलंय. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

माझे वडील, मल्लिनाथ बिराजदार, बार्शीतले लग्नाचे आचारी. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणे. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. आचाऱ्याच्या धंद्यात ही गोष्ट साधी नव्हे. रात्रभर भट्टीसमोर उभं राहणारी माणसं पहाटेपर्यंत ताळ्यावर राहतातच असं नाही. मुलीचा बाप आचारी ठरवायला निघाला की आधी हेच विचारायचा, 'घेतो का?' आणि मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक कोठावळे काका सांगायचे, 'बिराजदार अण्णांना सांगा आणि झोपा जाऊन.' अण्णांचा निम्मा धंदा त्यांच्या हातावर चालायचा, निम्मा या वाक्यावर.

आणि मी, त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीशैल, वय सतरा, बारावी कॉमर्स, सही-शिक्क्याच्या कागदावर इंग्रजीत लिहून बसलो होतो, की माझे वडील मिळवतात ते सगळं दारूत घालवतात.

त्याचं असं झालं. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात मला अर्थशास्त्र शिकायचं होतं. वर्षाची फी साडेचार लाख. ज्यांना झेपत नाही त्यांना विद्यापीठ मदत द्यायचं, काहींना तर पूर्ण फी माफ. पण मदतीचा बराचसा वाटा पहिल्याच फेरीत संपायचा आणि पहिल्या फेरीचा अर्ज नोव्हेंबरात भरायचा. म्हणजे बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधी. त्यात अट अशी, की निवड झाली तर यायचंच. दुसरीकडे अर्ज करायचा नाही, इथली मदत आणि तिथली मदत शेजारी ठेवून बघायची नाही. ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांना ही अट म्हणजे काहीच नाही. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आधी शब्द द्यायचा, आणि फी किती पडणार ते मागाहून कळणार.

अण्णांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

"म्हणजे विसार घेतल्यासारखं," ते म्हणाले. "पंगतीत पानं किती उठणार ते माहीत नसतं, तरी आपण तारीख धरतोच की. धरली की मोडायची नाही. भर तू."

अडचण निघाली ती उत्पन्नाच्या दाखल्यात. पूर्ण माफीसाठी मर्यादा होती तीन लाखांची. आमच्या गल्लीत कुणाचाही दाखला बघा, उत्पन्न मर्यादेच्या आत आणि मर्यादेला चिकटून. अण्णा तहसीलला गेले आणि वर्षभरात हातात जेवढे पैसे आले तेवढे सगळे सांगून आले. चार लाख दहा हजार. मी डोक्याला हात लावला.

"अहो अण्णा, एवढे कशाला सांगितले?"

"आले तेवढे सांगितले. खोटं सांगून घेतलेला कागद तू शिकायला वापरणार?"

दाखला घेऊन मी कुडचीकर सरांकडे गेलो. हे सर झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर बसत आणि मोठमोठ्या विद्यापीठांचे अर्ज भरून देत. भिंतीवर विद्यापीठांत लागलेल्या मुलांचे फोटो होते. न लागलेल्यांचे फोटो कुणी लावत नाही, म्हणून भिंत भरल्यासारखी दिसायची.

सर दाखला बघून चुकचुकले. "वडील प्रामाणिक आहेत वाटतं."

"हो सर."

"अवघड आहे." मग त्यांनी अर्जातलं एक पान उघडलं. वर मथळा होता, विशेष परिस्थिती. खाली पाचशे शब्दांची जागा. "आता सगळं या पानावर. तुझं दुःख काय?"

"तसं काही नाही सर."

"घरात कुणी आजारी?"

"नाही."

"कुणी गेलंय? पूर, आग, कोर्टकचेरी?"

"आजी गेली, पण ती ब्याण्णव वर्षांची होती."

"उपयोग नाही." सरांनी खुर्ची मागे रेलली. "हे बघ, यांच्याकडे हजार अर्ज येतात. गुण सगळ्यांनाच असतात. त्यांना जखम लागते. उत्पन्न आपल्याला बदलता येत नाही. पैसा येतो हे दिसतंय, मग तो जातो कुठं ते दाखव. बापाचा धंदा काय?"

"आचारी."

"मग झालं की!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. "सुचत कसं नाही तुला?"

मी नाही म्हणालो, हे खरं. पण एकदाच. दुसऱ्यांदा सरांनी विचारलं तेव्हा मी विचार करतो म्हणालो, आणि तिसऱ्यांदा त्यांना विचारावं लागलं नाही. ते पान मी स्वतः लिहिलं आणि चांगलं लिहिलं. एका संध्याकाळी वडील लग्नाचे पैसे घेऊन निघतात आणि रिकाम्या हाताने घरी येतात, मुलगा ओट्यावर वाट बघत बसलाय, असा प्रसंग रचला. ओटा आमच्या घराला नव्हताच. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, हे आज सांगायला जास्त अवघड जातं.

खाली पालकांची सही हवी होती. अण्णांनी चष्मा लावला, पान लांब धरलं, जवळ धरलं. इंग्रजी अक्षरं त्यांना जुळवता यायची, अर्थ लागायचा नाही.

"काय लिहिलंय?"

"आपली परिस्थिती."

"बरं," म्हणाले आणि मराठीत, ठसठशीत, पूर्ण नाव घालून सही केली.

अर्ज गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, की शनिवारी विद्यापीठाच्या मदत विभागातून कुणीतरी घरी भेटायला येईल. भेटीचं मला माहीत नव्हतं. सरांना माहीत असावं, कारण मी गेलो तर झेरॉक्सवाला म्हणाला, सर गावाला गेलेत.

तर टिपणीस मॅडम अशा आमच्या घरात, आमच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसलेल्या, आणि अण्णांचा हात ताटलीवर.

मला बोलता आलं असतं. 'मॅडम, ते खोटं आहे, मी लिहिलंय, यांचा काही संबंध नाही.' दहा-बारा शब्दांचं काम. मी मनात जुळवलेसुद्धा. मग मनात दुसरंही जुळलं. अर्ज रद्द, पहिली फेरी गेली, दुसऱ्या फेरीत मदत नाही, शिवाय नावावर शिक्का. माझं असं आहे, मला बेरीज फार लवकर येते. बेरीज होईपर्यंत अण्णा बोलले.

त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "झाली की बरीच वर्षं."

"रोज?"

"रोज कुठलं. काम असलं की."

"काम असतं तेव्हा पिता?"

अण्णा गोंधळले. ज्यानं कधी केलं नाही त्याला कधी करतात ते कसं माहीत असणार? "म्हणजे, काम नसलं की," ते म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. मग दारात उभ्या आईकडे वळल्या. "ताई, एक विचारायला हवं म्हणून विचारते. मारझोड होते का?"

हे मी लिहिलं नव्हतं. अगदी खरं सांगतो, हे नव्हतं लिहिलं.

"हे कुणाला मारत नाहीत," आई म्हणाली.

"प्यायल्यावरसुद्धा?"

आईनं माझ्याकडे बघितलं. अण्णांसारखं ओझरतं नाही; नीट, डोळे रोखून. मी मान खाली घातली.

"प्यायल्यावर झोपतात," आई म्हणाली आणि ट्रे ठेवून आत गेली.

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या. मग कामाच्या गप्पा सुरू केल्या. वर्षाला लग्नं किती मिळतात, सोबत किती माणसं लागतात, त्यांना रोज काय देता, भांडी कुणाची. अण्णांना हायसं वाटलं असावं. या प्रश्नांची उत्तरं त्यांना येत होती. सहा माणसं, पोळ्या लाटणाऱ्या बायका वेगळ्या, पैसे आले की आधी त्यांचे चुकते करतो, मग घरी येतो. ते बोटांवर मोजत सांगत होते आणि मॅडम लिहीत होत्या. मला वाटलं, बाईंना अवघडलेपणा घालवायचाय म्हणून विचारताहेत. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

उठताना त्या म्हणाल्या, "अर्जात ओळखीचे म्हणून कोठावळे यांचं नाव दिलंय. त्यांना आज चार वाजता भेटते आणि मग निघते."

अण्णांनी त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं. आत आले, खुंटीवरची टोपी घेतली आणि मला म्हणाले, "चल."

"कुठं?"

"कोठावळेकडं. चारच्या आत."

दोन वाजून गेले होते. आम्ही चालत निघालो. अण्णा पुढे, मी दोन पावलं मागे. मला वाटत होतं आता थोबाडीत बसेल, निदान शिवी तरी. टिळक चौक ओलांडल्यावर ते थांबले.

"देशी लिहिलीस का इंग्लिश?"

"काय?"

"दारू. कोठावळे विचारणार. मॅडमला एक आणि त्याला एक सांगून कसं चालेल?"

"तसं लिहिलं नाही अण्णा. नुसतं दारू लिहिलंय."

"लिहायचं की नीट," ते म्हणाले. राग नव्हता. भाजीत काहीतरी घालायचं राहिलं की माणसांना म्हणायचे तसं म्हणाले.

"अण्णा, आपण मॅडमना खरं सांगू. मी सांगतो."

हे मी म्हणालो, आणि हे बोलताना ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं, हेही नोंदवून ठेवतो.

"खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग? सही करून मी आता नाही म्हणू? खोटा ठरणार तो मी का तू?" परत चालू लागत म्हणाले, "आणि तू खोटा ठरलास तर जाशील कुठं? चल, उशीर होतोय."

कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं. कोठावळे काका पंगतीच्या हॉलमध्ये खुर्च्या मोजून घेत होते. अंगानं जाड, आवाज त्याहून जाड.

"या अण्णा! आणि आमचे साहेबपण! पुण्याला निघाले म्हणे?"

"त्याच कामाला आलोय," अण्णा म्हणाले. "चार वाजता एक बाई येतील. विचारतील, मल्लिनाथ पितो का. हो म्हणायचं."

काका हसले. मग अण्णा हसत नाहीत हे बघून त्यांनी हातातली वही मिटली. "कोण पितो?"

"मी."

"अण्णा, तुम्ही पाणी तरी मोठ्या घोटानं पिता का?" मग ते माझ्याकडे वळले. "काय रे, काय भानगड आहे?"

मी तोंड उघडलं, पण अण्णांनीच सांगितलं. मोजकं सांगितलं. पोराच्या अर्जात तसं गेलंय, फी माफ व्हायची आहे, बाई खात्री करायला आल्यात. मी लिहिलंय असं त्यांनी म्हटलं नाही. 'तसं गेलंय' म्हणाले, पत्र टपालात जातं तसं.

काकांना कळायचं ते कळलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं. दुकानात परत आलेला माल बघतात तसं.

"शाब्बास," ते मला म्हणाले. मग अण्णांना, "मी सांगेन हो बाईला. माझ्या तोंडाला काय लागतंय? पण उद्या पोरीचा बाप येऊन विचारेल, आचारी घेतो का, त्याला काय सांगू?"

"तेच सांगा."

"येडे का काय? बाईला हे सांगू, गावाला ते सांगू. कुणाला कळतंय?"

"बाई उद्या आणखी कुणाला विचारतील. दाराबाहेर पानवाल्याला विचारतील. दोन गोष्टी झाल्या की पकडलं जातं पोर. एकच सांगा सगळ्यांना."

"अण्णा, दोन महिन्यांत लग्नसराई आहे."

"माहितीय."

"माणसं तोडतील तुम्हाला."

"सगळी नाही तोडणार," अण्णा म्हणाले. "हात तोच आहे की."

काकांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, "देशी का इंग्लिश?"

"देशीच सांगा," अण्णा म्हणाले. "इंग्लिश म्हटलं तर बाईंना वाटेल पैसेवाला आहे."

अठरा डिसेंबरला निकालाचा ईमेल आला. मी तो सायबर कॅफेत उघडला, छापून घेतला आणि घरी घेऊन आलो. निवड झाली होती. फी पूर्ण माफ, वसतिगृहसुद्धा. दहा दिवसांत होकार कळवायचा.

पत्र दोन पानांचं होतं. दुसरं पान मी रस्त्यातच, सायकल धरून उभा राहून वाचलं होतं. त्यावर आमचा हिशेब मांडला होता. जाहीर उत्पन्न चार लाख दहा हजार. त्यातून मदतनिसांची मजुरी वजा, एक लाख सत्तर हजार. निव्वळ उत्पन्न दोन लाख चाळीस हजार. मर्यादेत बसते. आणि त्याखाली एक ओळ होती. विशेष परिस्थिती: पुरेसा पुरावा नसल्याने निर्णयात धरलेली नाही.

म्हणजे अण्णांनी तहसीलला जाऊन जे सांगितलं ते त्यांचं उत्पन्न नव्हतंच. हातातून गेलेला सगळा पैसा त्यांनी आपला म्हणून सांगितला होता, सहा माणसांची मजुरी धरून. लपवायला नको म्हणून जास्त सांगितलं होतं. आणि मी, जो आज लोकांच्या हिशेबाच्या वह्यांतल्या चुका काढून पोट भरतो, त्या माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. एका वाक्यात अर्जात लिहिता आलं असतं. ते खरंही होतं.

घरात आईनं साखर वाटली. अण्णांनी पहिलं पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"दुसऱ्या पानावर काय आहे?"

"नियम आहेत," मी म्हणालो.

ते समाधानानं म्हणाले, "म्हणजे कामी आलं म्हणायचं ते."

"हो अण्णा," मी म्हणालो. "त्यानंच झालं."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणालो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते कारण नंतर सुचलेलं आहे. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की खरं कळलं तर अण्णा कोठावळे काकांकडे जाऊन सगळं मागे घेतील, गोष्ट मॅडमपर्यंत जाईल, आणि होकार कळवायला अजून दहा दिवस होते. दुसरं पान मी त्याच रात्री फाडलं. होकार दुसऱ्या दिवशी सकाळी कळवला.

विद्यापीठातलं पहिलं वर्ष संपल्यावर मे महिन्यात मी सुट्टीला घरी आलो. अण्णांकडे त्या सराईत चार लग्नं होती. आधी चौदा-पंधरा असायची. सहा माणसांतली दोन उरली होती. आई म्हणाली, एका लग्नाला माणूस कमी आहे, वाढायला तरी जा. म्हणून कार्यालयात गेलो.

मागच्या आवारात भट्ट्या मांडलेल्या. अण्णा कमरेला पंचा बांधून उभे होते, पण भट्टी पेटलेली नव्हती. समोर मुलीचा मामा, तिशी-पस्तिशीचा, मोबाइल कानाला. फोन ठेवून तो अण्णांना म्हणाला, "कोठावळेंनी सांगितलंय, आधी बघून घ्या, मगच पेटवू द्या. राग मानू नका. करा आ."

अण्णा त्याच्यापेक्षा बुटके होते. त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं. मामानं वाकून नाक जवळ नेलं. "सोडा श्वास. अजून. मोठा सोडा."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या दोन माणसांनी कांद्यांकडे बघायला सुरुवात केली. सवयीचं असावं, कारण कुणाची सुरी थांबली नव्हती.

"ठीक आहे," मामा म्हणाला. मग मी दिसलो. अंगात विद्यापीठाचं नाव छापलेला टी-शर्ट होता. "हा कोण?"

"मुलगा," अण्णा म्हणाले. "पुण्याला शिकतो, आज वाढायला आलाय. याच्यामुळंच सोडली मी."

"अरे वा!" मामानं माझ्या पाठीवर थाप मारली. "बापाला माणसात आणलंस की रे! आज तू वाढायचं नाही. पाहुणा म्हणून बसायचं, पहिल्या पंगतीला."

मी अण्णांकडे बघितलं. ते वाकून भट्टी पेटवत होते.

"बस की," ते वर न बघता म्हणाले. "एवढं म्हणताहेत तर."

मी पहिल्या पंगतीला बसलो. गव्हाची हुग्गी होती, गुळातली खीर, वर तुपाची धार. आग्रह झाला तशी मी दोनदा वाढून घेतली.